घरचा संगणक : तीच सूचना पुन्हा पुन्हा

संगणकाची कळ दाबावी, आतला पंखा घुमू लागावा, आणि नेहमीचे चित्र उमटण्याऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी दिसाव्यात, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ अशा काही तरी त्या ओळी असतात, आणि त्यांच्या खाली ‘प्रेस एफ-वन’ अशी आज्ञा असते. घरातील कोणी तरी एफ-वन ही कळ दाबते, यंत्र सुरू होते आणि सूचना विसरली जाते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर! पंधरा दिवसांत हाताला त्या कळीची इतकी सवय होते की, शाळकरी मूलसुद्धा पडद्याकडे न पाहता ती दाबून मोकळे होते.

एखादी सूचना कधी तरी एकदा आली, तर तिचा फार विचार करू नये. वीज अवेळी गेली असेल, एवढ्यावर सोडून द्यावे. परंतु तीच सूचना त्याच शब्दांत रोज येत असेल, तर तिच्यामागे टिकून राहिलेले कारण आहे असे समजावे. कळ दाबल्याने सूचना जाते, कारण जात नाही.

वरच्या सूचनेतील ‘चेकसम’ ह्या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. मराठीत त्याला जुना व नेमका शब्द आहे : ताळा. वाणी दिवसाच्या शेवटी वहीतील रकमांची बेरीज करून ताळा पाहतो, तसेच हे आहे. आपल्या यंत्रात कोणती तबकडी आहे, सुरुवात कोठून करावयाची, अशा काही नोंदी एका लहानशा स्मृतीत ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या शेजारी त्यांची बेरीजही मांडलेली असते. सुरू होताना यंत्र ती बेरीज पुन्हा करते. ताळा जुळला नाही, की ते थांबते आणि तसे सांगते. ह्या शब्दासाठी एखादे जड नवे नाव घडविण्यापेक्षा ताळाच बरा, असे भाषांतराच्या कामात वेळ घालवणाऱ्या प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ताळा का चुकतो? आयबीएम कंपनीचा १९८१ सालचा पहिला घरगुती संगणक दर वेळी सुरू होताना तारीख विचारीत असे, कारण बंद असताना काळ मोजणारे स्वतःचे घड्याळ त्याच्याजवळ नव्हते. १९८४ साली निघालेल्या ‘एटी’ ह्या नमुन्यात विजेरीवर चालणारे घड्याळ आणि नोंदींची ती लहान स्मृती अशी दोन्ही आली. आजच्या मेजावरच्या संगणकातही बहुधा नाण्याएवढी एक विजेरी असते. तिच्यावरील ‘सीआर २०३२’ हा आकडा म्हणजे तिचे मापच होय : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, आणि दाब ३ व्होल्ट. ती थकली, की घड्याळ मागे पडते व जुन्या धाटणीच्या यंत्रांत नोंदीही पुसल्या जातात. काही यंत्रे तर थेट १ जानेवारी १९८० ह्या तारखेवर जाऊन बसतात, कारण त्या काळच्या ‘डॉस’ प्रणालीची कालगणना तेथूनच सुरू होत असे.

ही विजेरी काही वर्षे सहज टिकते. मात्र आपल्या घरांतील एक चांगली सवय तिचे आयुष्य कमी करते. यंत्राची दोरी भिंतीतील विजेला जोडलेली असेल, तर संगणक बंद असतानाही घड्याळाला त्या विजेचा आधार मिळतो आणि विजेरीवर भार पडत नाही. भिंतीवरचे बटण बंद केले, की सारा भार विजेरीवर. बेंगळुरूत एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलताच वळवाचे ढग दाटतात, विजा कडाडू लागतात, आणि शहाणी कुटुंबे संगणकाची दोरी ओढून काढतात. ते योग्यच आहे. विजेरी स्वस्त, यंत्र महाग. फक्त त्या सवयीचा हिशेब विजेरीच्या खात्यात मांडावयास हवा, इतकेच.

घड्याळ चुकले तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बँकेचे किंवा टपाल खात्याचे संकेतस्थळ उघडताना ते आपली ओळख पटविणारे एक प्रमाणपत्र पुढे करते. त्यावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत, अशी मुदत असते. आपला संगणक स्वतःला दहा वर्षे मागे समजत असेल, तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अद्याप लागूच झालेले नाही. मग ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ अशी नवी सूचना येते, आणि ती प्रत्येक स्थळावर येते. मुले म्हणतात इंटरनेट बिघडले, वडील म्हणतात विषाणू शिरला. मूळ मात्र त्या नाण्याएवढ्या वस्तूत असते. म्हणून अशी सूचना सर्वत्र दिसू लागली, तर प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. दिवस बरोबर असेल पण तास चुकत असतील, तर भारतीय प्रमाणवेळ निवडलेली आहे ना, तेही पाहावे.

विजेरी बदलणे अवघड नाही. दोरी काढून ठेवावी, पेटीच्या बाजूचे झाकण उघडावे, पेटीच्या धातूला एकदा हात लावावा म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते, आणि कडेची बारीक पट्टी दाबून विजेरी सोडवावी. नवी बसवताना अधिक चिन्हाची बाजू पूर्वीसारखीच ठेवावी. मग यंत्र सुरू करून तारीख व वेळ भरून त्या नोंदी जतन कराव्यात. मांडीवरच्या संगणकात ही विजेरी कधी तारेला जोडलेली असते, कधी नसतेच. तो जाणत्याकडे न्यावा. बेंगळुरूत सदर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एस. पी. रोडवर, असे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांची रांगच आहे. काढलेली विजेरी मात्र मेजावर पडू देऊ नये. लहान मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच आतून गंभीर भाजते. थकलेल्या विजेरीतही तेवढी शक्ती उरलेली असते. नुसता संशय आला तरी मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आता दुसऱ्या एका सूचनेविषयी, जी सूचना नसतेच. एखादे संकेतस्थळ पाहताना पडदा भरून लाल चौकट येते, भोंगा वाजू लागतो, आणि ‘आपला संगणक बंद करण्यात आला आहे, ह्या क्रमांकावर फोन करा’ असे लिहून येते. ही तोतयेगिरी होय. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे की, त्यांच्या खऱ्या सूचनांत फोन क्रमांक कधीच नसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ ह्या मोहिमेत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यांत मदत-केंद्राचे सोंग घेऊन परदेशी लोकांना लुबाडणाऱ्यांवरील गुन्हेही होते. अशी चौकट आली तर फोन करू नये. यंत्राची कळ दाबून धरून ते बंद करावे. पैसे गेलेच असतील, तर १९३० ह्या क्रमांकावर लगेच कळवावे.

सर्वांत जपावयाची सूचना मात्र गाजावाजा न करता येते. तबकडी स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते आणि निकामी होण्याची लक्षणे दिसली, तर सुरुवातीच्या त्याच काळ्या पडद्यावर तसे कळवते. त्या ओळींत ‘स्मार्ट’ आणि ‘बॅकअप’ हे शब्द असतात. आणि तिच्याखालीही कित्येक यंत्रांत तीच आज्ञा असते : पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा! थकलेल्या विजेरीमुळे महिनोन् महिने डोळे मिटून ती कळ दाबणारा हात ह्या वेळीही ती दाबतो. मुंजीची, लग्नाची, गेलेल्या आजीची छायाचित्रे त्या तबकडीवर असतात, आणि बहुतेक घरी त्यांची दुसरी प्रत नसते. विजेरी वेळेवर बदलावी, असा आग्रह येथे धरला आहे तो ह्याचसाठी.

ही सूचना दिसली, तर त्या दिवशी तबकडी तपासणारी वा दुरुस्त करणारी कोणतीही आज्ञावली चालवू नये. दुबळ्या तबकडीला तो श्रम सोसवत नाही. आधी दुसरी, बाहेरची तबकडी जोडावी. पुन्हा मिळणार नाहीत अशा गोष्टी प्रथम उतरवून घ्याव्यात : छायाचित्रे, घराची कागदपत्रे, हिशेब. मग पत्रे आणि मुलांचा अभ्यास. गाणी व चित्रपट शेवटी, आणि बाजारातून पुन्हा घेता येणाऱ्या आज्ञावलींना हातही लावू नये. उतरवलेली दोन-चार छायाचित्रे दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावीत, आणि मगच जुनी तबकडी काढावयास घ्यावी.