बॅट वेगळी, हिशेबाची वही वेगळी

जुलै २०२५ मध्ये हैदराबाद क्रिकेट असोसिएशनचे तत्कालीन अध्यक्ष ए. जगन मोहन राव यांना तेलंगणाच्या गुन्हे अन्वेषण विभागाने अटक केली. एका क्लबची बनावट कागदपत्रे तयार करून संघटनेत शिरकाव केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. तेव्हापासून गौलीगुडा, काचीगुडा, सुलतान बाजार या आमच्या परिसरात जेथे चार ज्येष्ठ मंडळी जमतात, तेथे दोनच मते ऐकू येतात. पहिले मत असे, की मैदान न पाहिलेली माणसे संघटनेत घुसली म्हणून हे घडले. पूर्वीचे खेळाडू-पदाधिकारीच बरे होते. दुसरे मत असे, की सगळे एकाच माळेचे मणी. निवाडा तरी कोणाकोणाचा करायचा? ही दोन्ही मते आम्हांस सारखीच घातक वाटतात. दोहोंचा परिणाम एकच होतो, तो म्हणजे हिशेब टळतो.

आधी पहिल्या मताचा विचार करू. खेळाडूच्या हाती कारभार दिला म्हणजे कारभार शुद्ध राहतो, याला आधार कोणता? शिवलाल यादव यांनी ३५ कसोटींत १०२ बळी घेतले, अर्शद अयुब यांनी १३ कसोटींत ४१. दोघेही या संघटनेचे कर्तेधर्ते होते. उप्पलच्या राजीव गांधी स्टेडियमसाठी झालेल्या जनित्रे, अग्निशमन यंत्रणा आणि छत यांच्या खरेदीत सुमारे २० कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने या दोघांच्या आणि माजी अध्यक्ष जी. विनोद यांच्या घरांची झडती घेतली. झडती म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे आम्ही जाणतो आणि निवाडा न्यायालयानेच करावयाचा आहे. परंतु एवढे तरी मान्य करावे लागेल, की घेतलेले बळी हे खरेदीच्या निविदेला उत्तर होऊ शकत नाहीत. उलट, १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे व्यवस्थापक आणि याच संघटनेचे चिटणीस राहिलेले पी. आर. मानसिंग एकही कसोटी खेळले नव्हते. तेव्हा खेळण्याची योग्यता आणि कारभार करण्याची योग्यता यांचे नाते लावणे हाच मुळात भ्रम आहे.

या भ्रमाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे महंमद अझरुद्दीन यांच्याविषयी चालणारा वाद. पहिल्या तीन कसोटींत तीन शतके आणि ९९ कसोटींत ६२१५ धावा, ही त्यांची पुण्याई सांगितली जाते. लगेच दुसरा गृहस्थ डिसेंबर २००० ची आजन्म बंदी पुढे करतो; आणि तिसरा, ती बंदी बेकायदेशीर ठरविणारा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१२ चा निकाल. वस्तुतः या तिन्ही गोष्टी येथे गैरलागू आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये ते संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांचा निवाडा करावयाचा तो त्या दिवसापासूनच्या कारभारावरून. संघटनेचे अध्यक्ष असताना ते डेक्कन ब्लूज या क्लबचेही अध्यक्ष होते, या कारणावरून २०२३ च्या निवडणुकीत त्यांना उभे राहता आले नाही. त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात उप्पलच्या उत्तर बाजूच्या स्टँडला त्यांचे नाव देण्यात आले. हितसंबंधांच्या कारणावरून ते हटविण्याचा आदेश संघटनेच्या लोकपालांनी एप्रिल २०२५ मध्ये दिला. उच्च न्यायालयाने त्यास तूर्त मनाई केली. त्यांच्या फलंदाजीला असा सन्मान शोभतो, याबद्दल आमचा वाद नाही. तो सन्मान आपण स्वतः अध्यक्षस्थानी असताना व्हावा काय, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मनगटाच्या फटक्यांत सापडणार नाही.

आता दुसरे मत. ‘सगळेच चोर’ हे वाक्य ऐकावयास करारी वाटते. पण त्याचा लाभ नेमका खऱ्या अपराध्यालाच होतो. बनावट कागद करणे हा गुन्हा आहे. चढ्या दराने खरेदी करणे हा, सिद्ध झाल्यास, गुन्हाच आहे. हितसंबंध आड येत असताना बैठकीत बसणे हा नियमभंग आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याच्या तिकिटांसाठी सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर चेंगराचेंगरी होऊन अनेक जण जखमी झाले, तो नियोजनाचा अक्षम्य ढिसाळपणा होता. या चारही गोष्टी एका पोत्यात भरल्या, की कोणाचेच माप निघत नाही. शासकीय सेवेत ज्यांचे आयुष्य गेले त्या आमच्यासारख्यांना हे सांगावयास नको, की प्रत्येक दोषारोपाची बाब वेगळी मांडावी लागते, प्रत्येकीचा पुरावा वेगळा आणि शिक्षाही वेगळी असते.

शिवाय या दोन्ही मतांतून एक महत्त्वाचा घटक सुटून जातो, तो म्हणजे मतदार. संघटनेचे पदाधिकारी आकाशातून पडत नाहीत. त्यांना क्लब निवडून देतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. एल. नागेश्वर राव यांच्या एकसदस्यीय समितीला असे आढळले, की मोजक्या लोकांच्या हाती अनेक क्लब एकवटले आहेत. त्यांनी ५७ क्लबांना मतदानापासून दूर ठेवले. आमच्या मते या शहराच्या क्रिकेटविषयी गेल्या कित्येक वर्षांत उच्चारले गेलेले हे सर्वांत सत्य विधान होय. क्लब म्हणजे मुलांना खेळावयास मिळणारी जागा. तो एखाद्याच्या खिशातील मतपत्रिका झाला, तर अध्यक्ष खेळाडू असो वा व्यापारी वा पुढारी, फरक काय पडणार?

यावर असे म्हटले जाते, की ही खाजगी संस्था, तिला सरकारी कचेरीची शिस्त कशास लावावी? हा युक्तिवाद आता शिळा झाला आहे. क्रिकेट नियामक मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्येच सांगितले. जुलै २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने लोढा समितीच्या बहुतेक शिफारशी स्वीकारल्या. कार्यकारिणीत महालेखापरीक्षकांचा प्रतिनिधी असावा, ही त्यांतलीच एक. साधा अव्वल कारकूनही निवृत्त होताना ‘येणे बाकी नाही’ असा दाखला आणतो. तो आणल्याखेरीज त्याचे देणे मोकळे होत नाही. मग कोट्यवधींचा कारभार पाहणाऱ्याने कार्यकाल संपताच हार घालून घरी जावे आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप पुढच्याच्या गळ्यात पडावेत, हे कोणत्या न्यायाने? पद सोडल्यापासून सहा महिन्यांत प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या काळाचे स्वतंत्र लेखापरीक्षण व्हावे, ते छापले जावे आणि त्याचे स्वतःचे उत्तरही त्याच्यासोबत छापले जावे, अशी आमची मागणी आहे. त्यात निर्दोष माणसाचेही हित आहे. आज त्याला आयुष्यभर संशयाच्या सावलीत वावरावे लागते, कारण त्याला निर्दोष म्हणणारा कागदच कोणी तयार करीत नाही.

हा केवळ पैशाचा प्रश्न असता, तर आम्ही एवढे लिहिले नसते. १९३७-३८ आणि १९८६-८७ मध्ये रणजी करंडक जिंकणारे हैदराबाद २०२२-२३ च्या हंगामानंतर प्लेट गटात घसरले. पुढच्याच वर्षी ते मुलांनी आपल्या जोरावर वर आणले. पडझडीचे खापर एकाच कारणावर फोडणे बरोबर होणार नाही. पण ज्या संघटनेची शक्ती कोर्टकचेऱ्यांत खर्च होते, तिला मैदानाकडे पाहावयास सवड कोठून मिळावी? वशिला नसलेल्या घरातला मुलगा पहाटे किट खांद्यावर टाकून निघतो, तो निवड गुणांवर होईल या एकाच विश्वासाने. तो विश्वास गेला, की त्याचे वय पुन्हा येत नाही.

आणि हा धडा केवळ क्रिकेटवाल्यांसाठी आहे, असे आमच्या वाचकांनी समजू नये. १९०७ साली उभी राहिलेली विवेकवर्धिनी असो, ग्रंथालये असोत वा गणेशोत्सव मंडळे, या शहरातील मराठी माणसाने संस्थाच उभ्या करून आपली ओळख टिकविली. त्या संस्थांच्या वार्षिक सभेत आपण भाषण ऐकतो, चहा घेतो आणि ताळेबंद न वाचताच हात वर करतो. माजी पदाधिकाऱ्यांचा निवाडा करावयाचा अधिकार आपल्याला जरूर आहे. परंतु तो ताळेबंद वाचणाऱ्याचा अधिकार आहे, हात वर करून निघून जाणाऱ्याचा नव्हे.