तीस वर्षांचा दाखला आणि सिमेंटचा पत्रा

विठ्ठलवाडी स्थानकावर उतरून उल्हासनगरच्या अंगास चालू लागले म्हणजे जुन्या गाळ्यांच्या रांगा लागतात. त्यांतील एका गाळ्याचे छप्पर गेल्या वैशाखात उतरविले जात असता मी समोरच्या टपरीवर चहा घेत काही वेळ उभा होतो. मृगाच्या आत नवे छप्पर चढवायचे म्हणून मुकादमाची घाई चालली होती. वर चढलेली दोन पोरे गंजलेल्या हुकांच्या चाक्या सोडविण्याचा खटाटोप न करता पत्र्यावरच हातोडा घालीत होती, तुकडे खाली भिरकावीत होती, आणि त्यांतून उठून जमिनीवर बसणारी राखी धूळ एक बाई खराट्याने लोटून घमेल्यात भरीत होती. तिने नाकाशी पदर धरला होता, एवढाच काय तो बंदोबस्त. पत्रा कशाचा, असे मी मुकादमाला विचारले. "सिमेंटचा," तो म्हणाला, आणि माझ्या चेहऱ्यावरची शंका पाहून त्याने पुस्ती जोडली, "सिमेंटचाच तर आहे साहेब, त्याला काय होतंय!"

मुकादम खोटे बोलत नव्हता. त्या पत्र्यात बहुतांश सिमेंटच असते. परंतु त्याला पत्रेपण देणारा, म्हणजे कौलापेक्षा पातळ असूनही वजन आणि वारा सोसण्याची ताकद देणारा, जो दहाबारा टक्क्यांच्या घरातला अंश त्यात मिसळलेला असतो, तो ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचा तंतू होय. आणि आपल्या बोलीने नेमका तोच अंश नावातून गाळून टाकला. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ न विझणारे असा आहे. मराठीने त्याला स्वतःचा प्रतिशब्द दिला नाही, आणि मुलुंडला या पत्र्यांचा मोठा कारखाना अनेक दशके धूर ओकीत उभा असतानाही त्याचे नाव ठाणे जिल्ह्याच्या बाजारपेठेत रुळले नाही. ज्या वस्तूस नाव नाही तिची नोंद कोणत्या दप्तरात व्हावी?

या तंतूचे वैगुण्य त्याच्या सूक्ष्मतेत आहे. पत्रा अखंड असेतोवर सिमेंट त्यास धरून ठेवते. तो फोडला, कापला, भोके पाडण्यासाठी यंत्र लावले अथवा ऊनपावसाने त्याचा पृष्ठभाग पिठासारखा सुटू लागला, म्हणजे डोळ्यांस न दिसणारे तंतू हवेत तरंगतात, श्वासावाटे फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तेथे रुतून बसतात. फुप्फुसे ताठरविणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाला जडणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग, या व्याधी त्यातून उद्भवतात. आणि त्या उद्भवण्यास वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात. घाटकोपरच्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतील कामगारांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली, तीत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस असल्याचे आढळले. ते कामगार निदान एका गिरणीच्या हजेरीपटावर होते, म्हणून त्यांना शोधून काढता आले. विठ्ठलवाडीच्या गाळ्यावर चढलेली पोरे त्या वर्षी जन्मलीही नसतील, आणि त्यांची हजेरी मुकादमाच्या खिशातील वहीपलीकडे कोठे लागत असेल असे मला वाटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी, अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने दाखल केलेल्या याचिकेवर निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला, आणि ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जतन करावी, असा हुकूम दिला. न्यायासनाने रोगाच्या कूर्मगतीचा असा अचूक हिशेब मांडलेला क्वचितच पाहावयास मिळतो. तथापि तो हुकूम ज्या उद्योगांत ॲस्बेस्टॉस हाताळला जातो त्यांना उद्देशून होता. त्या उद्योगांतून बाहेर पडलेला माल गेली साठसत्तर वर्षे ज्या गाळ्यांवर, गोदामांवर, चित्रपटगृहांच्या आडोशांवर आणि मंडईच्या ओट्यांवर चढला, तो उतरविणाऱ्याचा विचार कोणी करावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नास नवा कायदा, नवे खाते आणि नवा कारकून लागेल असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ अन्वये तीस वर्षांपलीकडच्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करवून घेण्याचे उत्तरदायित्व मालकावर अथवा भोगवटादारावर आहे. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली, तेव्हापासून कल्याण-डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत 'स्ट्रक्चरल ऑडिट' हा शब्द पानवाल्याच्याही तोंडी बसला आहे. अभियंता येतो, खांब ठोकून पाहतो, तुळईची सळई गंजली की नाही हे तपासतो आणि दाखला देतो. माझे म्हणणे इतकेच, की व्यापारी व औद्योगिक इमारतींच्या त्या दाखल्यात आणखी एक रकाना असावा: छपरावर, पोटमाळ्याच्या आडभिंतीत, पावसाच्या पन्हळीत, धुराड्याच्या वेष्टनात, जुन्या बाष्पकाच्या नळांवर ॲस्बेस्टॉसयुक्त माल कोठे आहे, किती आहे, आणि त्याची प्रकृती कशी आहे. अभियंता एरवीही तेथे चढणारच असतो. इंग्लंडात २००४ पासून राहत्या घरांखेरीज अन्य इमारतींच्या व्यवस्थापकांवर हीच नोंद ठेवण्याचे व ती प्रत्येक दुरुस्तीवाल्यास दाखविण्याचे कायदेशीर बंधन आहे, आणि तेथील व्यापार काही त्यामुळे बुडालेला नाही.

यावर गाळामालक म्हणतील, की कागदावर असे नाव एकदा चढले म्हणजे भाडेकरू पळेल, बँक कर्ज देणार नाही आणि महानगरपालिका नोटीस डकवील. भीती निराधार नाही. परंतु ती ज्या गृहीतकावर उभी आहे ते चुकीचे आहे. नोंद म्हणजे पाडण्याचे फर्मान नव्हे. शाबूत असलेला, कोणी न छेडलेला पत्रा उतरविण्याची घाई करण्यापेक्षा त्यास रंगाचा जाड थर देऊन जागच्या जागी राहू देणे पुष्कळदा शहाणपणाचे असते. घाईने उतरविलेला पत्रा बसलेल्या पत्र्यापेक्षा अधिक घात करतो. उतरवावाच लागला तर तो आधी पाण्याने भिजवावा, चाक्या सोडवून अखंड खाली घ्यावा, जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी वेष्टनात बांधावा, धूळ खराट्याने न लोटता ओल्या फडक्याने टिपावी, आणि कामगाराचे कपडे घरी धुण्यास जाऊ देऊ नयेत, कारण ते कपडे झटकणाऱ्या बायकांनाही हा रोग जडल्याचा जगभरचा अनुभव आहे. नाकाशी धरलेला पदर अथवा रुमाल येथे निरुपयोगी ठरतो. खर्च वाढेल, हे मी नाकारीत नाही. परंतु रकान्यात नोंद असली तर तो कंत्राटाच्या अंदाजपत्रकात आधीच मांडता येईल, आणि नसली तर तो ती दोन पोरे भरतील.

उतरविलेला माल जातो कोठे, ही याहून अवघड बाब. त्याच्या विल्हेवाटीसंबंधी भारतीय मानक आहे, घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, आणि असा कचरा शास्त्रशुद्ध रीतीने पुरण्याची सोय तळोज्याला आहे, म्हणजे विठ्ठलवाडीहून टेम्पोच्या एका फेरीच्या अंतरावर. प्रत्यक्षात अर्धामुर्धा शाबूत पत्रा भंगारवाला नेतो आणि तो कोणाच्या तरी झोपडीवर पुन्हा चढतो; तुकडे जोत्याच्या भरावात जातात. फ्रान्सची क्लेमान्सो ही विमानवाहू नौका मोडीत निघण्यासाठी अलंगच्या वाटेवर असता तिच्या पोटातील ॲस्बेस्टॉसवरून आपल्याकडे केवढे काहूर माजले, आणि २००६ च्या फेब्रुवारीत फ्रान्सला ती माघारी न्यावी लागली! परदेशी जहाजाच्या पोटातला तंतू आपल्याला दिसला. डोक्यावरचा दिसत नाही.

साठाहून अधिक देशांनी या खनिजास बंदी केली असता आपण रशिया आणि कझाकस्तानकडून, शिवाय स्वतः वापरास बंदी करूनही निर्यातीसाठी खणणाऱ्या ब्राझीलकडून ते मागवितो, हे मला लांच्छनास्पद वाटते. पण तो वाद दिल्लीचा आहे, आणि त्याचा निकाल लागेतोवर गाळ्यांची छपरे थांबणार नाहीत. रकाना वाढविण्यासाठी मात्र आयुक्तांचे एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात त्याच सुमारास निघू शकते. चहाचे पैसे देऊन मी निघालो तेव्हा मुकादम शेजारच्या गाळ्याच्या छपराकडे बोट दाखवीत होता. तोही माल जुनाच आहे, आणि पुढच्या वैशाखात त्याचे काम आपल्यालाच मिळणार आहे, असे त्याने सांगितले.