डॉल्बी आहे, माइक कुठे आहे?

एप्रिल जवळ आला की शिरूर-दौंडच्या वस्त्यावस्त्यांत, मंडळांच्या बैठकीत तोच वाद सुरू होतो. ज्येष्ठ म्हणतात, जयंती नाचून नव्हे, वाचून साजरी करा. डॉल्बी बंद करा. पोरं म्हणतात, गावात वरातीला डॉल्बी चालते, गणपतीला चालते, मग बाबासाहेबांच्या मिरवणुकीलाच तुम्हाला शांतता का आठवते? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून वाद मिटत नाही. शेवटी वर्गणीचा मोठा वाटा डॉल्बीवाल्याच्या अॅडव्हान्समध्ये जातो, ग्रंथप्रदर्शन पुढच्या वर्षावर ढकललं जातं आणि १४ तारखेच्या रात्री पोलीस येऊन मिक्सर बंद करेपर्यंत भिंत वाजत राहते.

या वादात आम्हाला एक तिसरी बाजू मांडायची आहे, आणि ती जरा लांबून, जमैकाहून आणावी लागणार आहे. आम्ही रेगे ऐकतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळी करणारे, पुणे-दौंड गाडीने रोज ये-जा करणारे आपले तरुणही ऐकतात. त्यांच्या मोबाइलमध्ये भीमगीतांच्या खाली रॅप असतो आणि रॅपच्या खाली बॉब मार्ले. तुमचे आवडते रेगे-डान्सहॉल कलावंत कोण, असं त्यांच्यातल्या काहींनी आम्हाला विचारलं. उत्तर देताना लक्षात आलं की आमच्या यादीत डॉल्बीच्या वादाबद्दलही बरंच काही आहे.

जमैकात गुलामगिरी १८३८ मध्ये संपली, तरी मळे, जमीन आणि कचेऱ्या गोऱ्यांच्या आणि उजळ कातडीच्या लोकांच्या हातातच राहिल्या. १९५० च्या आसपास राजधानी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या काळ्या माणसाला क्लबातला बँड परवडणारा नव्हता. त्या वस्त्यांत साउंड सिस्टिम उभी राहिली: उघड्या मैदानात रचलेली मोठ्या स्पीकरची भिंत, एक अॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड वाजवणारा. दिसायला अगदी आपल्या ट्रॉलीवरच्या डॉल्बीसारखी. फरक माणसांत आहे. तिथे रेकॉर्ड निवडून वाजवणाऱ्याला म्हणतात सिलेक्टर. डीजे म्हणतात तो माइकवर बोलणारा. गाण्याची चाल चालू असताना तो तिच्यावर बोलतो, टोमणे मारतो, वस्तीची बातमी सांगतो, भाववाढीवर आणि पोलिसांवर बोलतो. आपण डीजे हा शब्द घेतला तो खोक्यांसाठी. माणूस तिकडेच राहिला.

म्हणून आमच्या यादीत पहिलं नाव यू-रॉयचं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची शब्द काढून टाकलेली चाल असायची, तिला तिथे व्हर्जन म्हणत. त्या मोकळ्या चालीवर हा माणूस बोलायचा. १९७० साली त्याची तीन गाणी जमैकाच्या यादीत एकाच वेळी पहिल्या तीन जागांवर होती. पुढे किंग्स्टनमध्येच जन्मलेल्या कूल हर्कने ही पद्धत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात नेली आणि १९७३ पासून तिथे हिपहॉप उभं राहिलं. आज अमरावतीचा विपिन तातड आंबेडकरी रॅप करतो, त्याची वंशावळ अशी किंग्स्टनच्या मैदानापर्यंत जाते.

पण ही रीत आपल्याला परकी आहे का? सत्यशोधक जलशाने आणि त्यानंतर भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचाच साचा घेतला, गणाचा अर्थ बदलला, गवळण काढून टाकली आणि त्या जागी पाणी, शाळा, मंदिर आणि सावकार यांच्यावरचे संवाद घातले. वामनदादा कर्डकांपासून प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमपांपर्यंत आपल्या गायकांनी लोकांच्या तोंडी असलेल्या चाली, कव्वालीचे ठेके उचलले आणि त्यात आपला मजकूर भरला. ओळखीच्या चालीवर नवे शब्द चढवले की निरोप लवकर पोचतो. यू-रॉयला हे ठाऊक होतं, आपल्या शाहिरांनाही होतं. बाबासाहेबांच्या दहा सभा आणि एक जलसा ही तुलना आपण भाषणात नेहमी ऐकतो. तो जलसा लोकांसमोर उभ्या असलेल्या माणसावर चालायचा. आज ट्रॉलीवर आवाज पूर्वीपेक्षा शंभरपट आहे आणि बोलणारं कोणीच नाही. आनंद शिंदेंचा किंवा आदर्श शिंदेंचा आवाज वाजतो तोही रिमिक्समध्ये असा कापलेला की मुखड्याच्या पुढचं कडवं ऐकू येत नाही. चळवळीचा मुद्दा तर बहुतेक वेळा त्या कडव्यातच असतो.

यादीतलं दुसरं नाव आम्हाला सगळ्यांत जवळचं आहे: लिंटन क्वेसी जॉन्सन. जमैकात जन्मलेला, लहानपणी लंडनला गेलेला. शाळेत असतानाच तो तिथल्या ब्लॅक पँथर चळवळीत आला, पुढे गोल्डस्मिथ्स कॉलेजात समाजशास्त्र शिकला (हा आमचाही विषय, म्हणून थोडा पक्षपात मान्य करा). शुद्ध इंग्रजी बाजूला ठेवून त्याने जमैकन वस्तीतल्या बोलीत कविता लिहिल्या आणि रेगेच्या ठेक्यावर म्हटल्या. जानेवारी १९८१ मध्ये लंडनच्या न्यू क्रॉस भागात एका घराला आग लागून १३ काळी मुलं-मुली मेली. पोलीस आणि वृत्तपत्रं थंड राहिली, तेव्हा ती घटना लोकांच्या स्मरणात ठेवण्याचं काम त्याच्या कवितेनेही केलं. आता नकाशावर शिरूरच्या शेजारचा खेड तालुका पाहा. तिथल्या पूर-कनेरसरचे नामदेव ढसाळ १९७० च्या दशकात मुंबईच्या गोलपिठ्याची भाषा मराठी कवितेत आणत होते आणि १९७२ मध्ये दलित पँथर उभी करत होते. पँथर हे नावही अमेरिकेतल्या त्याच काळ्यांच्या चळवळीवरून आलेलं. आपल्या तालुक्यातल्या किती पोरांना ढसाळ शेजारच्या गावचे होते हे माहीत आहे? त्यांच्या कवितेला एखाद्या जयंतीत ठेका मिळाला आहे का?

मार्लेबद्दल आम्ही थोडक्यात बोलणार आहोत, कारण त्याचं झालं तेच आपण बाबासाहेबांचं करत आहोत. बाजारात त्याचा चेहरा टी-शर्टवर मिळतो, बहुतेक वेळा गांजाच्या पानाशेजारी. त्याच्या १९७६ च्या ‘वॉर’ या गाण्याचे शब्द इथिओपियाच्या सम्राटाने १९६३ साली संयुक्त राष्ट्रांत वंशभेदाविरुद्ध केलेल्या भाषणातून घेतलेले आहेत, हे टी-शर्ट घालणाऱ्याला माहीत नसतं. एका राजकीय भाषणाचं गाणं होऊ शकतं आणि जगभर वाजू शकतं. मग बाबासाहेबांच्या भाषणांना चाल का लागू नये?

मार्लेचा जोडीदार पीटर टॉश आम्हाला जास्त भावतो. एप्रिल १९७८ मध्ये किंग्स्टनला शांततेसाठी मोठी मैफल झाली. मार्लेने दोन विरोधी नेत्यांचे हात मंचावर एकत्र धरले, तो फोटो जगभर गेला. त्याच मंचावर टॉशने समोर बसलेल्या नेत्यांना सुनावलं. काही महिन्यांनी पोलिसांनी त्याला पकडून अर्धमेला होईपर्यंत मारलं. फोटो काढून घेणारं गाणं सत्तेला आवडतं. नाव घेऊन प्रश्न विचारणारं आवडत नाही. हे आपल्याला जमैकाहून शिकण्याची गरज नाही. रमाबाई नगरच्या १९९७ च्या गोळीबारानंतर जीव दिलेले विलास घोगरे आपल्याला माहीत आहेत. कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यातलं, जयस्तंभ नदीच्या अलीकडे हवेलीतल्या पेरण्याचा. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर जे खटल्यांचं सत्र सुरू झालं, त्यात सप्टेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. तिघेही गाणारे. बिनशब्दांच्या डॉल्बीवर ध्वनिप्रदूषणाचा गुन्हा होतो. शब्दांवर कोणती कलमं लागतात हे या प्रकरणात दिसलं.

रेगेतल्या इतिहासाच्या शिक्षणासाठी बर्निंग स्पिअर. १९७५ मध्ये त्याने मार्कस गार्वीच्या नावाचा अल्बम काढला, तेव्हा खुद्द जमैकात नव्या पिढीला गार्वी पुसट झाला होता. गार्वी मार्च १९१६ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि हार्लेममध्ये त्याने काळ्यांची प्रचंड संघटना बांधली. हार्लेमला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे आणि १९१६ च्या मध्यापर्यंत बाबासाहेब तिथे होते. दोघांच्या भेटीची गोष्ट रचून व्हॉट्सअॅपवर फिरवण्याची गरज नाही. एकाच शहरात, एकाच काळात ही दोन माणसं होती एवढंच पुरेसं बोलकं आहे. त्याआधी १८७३ मध्येच जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती. जमैकाशी नातं जोडताना आपण काही नवीन करत नाही आहोत. बरं, त्या बेटावर १८४५ पासून भारतातून मळ्यांसाठी करारबद्ध मजूरही गेले. गांजा हा शब्द आणि चिलीम तिथे पोचली ती त्यांच्याबरोबरच.

गांजाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. रास्ताफारी पंथात तो पवित्र मानतात. आपल्याकडे पाचवं शील आहे, त्यावर तडजोड नाही. रांजणगावच्या भाड्याच्या खोल्यांत एकटी राहणारी पोरं नशेत कशी अडकतात हे आम्ही जवळून पाहतो, त्यामुळे मार्लेचं नाव पुढे करून कोणी याची भलामण केलेली आम्हाला चालणार नाही. रास्ताफारींनी इथिओपियाच्या सम्राटाला देव केलं, तेही आपल्याला घ्यायचं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी जो इशारा दिला, तो आपल्यालाच लागू पडतो आहे, अजून एक दैवत कशाला? पण याच रास्तांना त्यांच्या जटांमुळे, राहणीमुळे किती छळलं गेलं तेही लक्षात ठेवू. ११ एप्रिल १९६३ ला कोरल गार्डन्स प्रकरण घडलं, त्यानंतर पोलिसांनी सरसकट रास्तांना पकडलं, झोडपलं. सरकारने माफी मागितली ती २०१७ मध्ये. ११ एप्रिल म्हणजे फुले जयंती.

डान्सहॉल हे रेगेचं पुढचं, जास्त धडधडीत रूप. १९८५ मध्ये वेन स्मिथ आणि किंग जॅमी यांनी कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमध्ये आयता असलेला एक ठेका घेऊन गाणं केलं, आणि त्या एका ठेक्यावर पुढे इतरांनी शेकड्यांनी गाणी रचली. आपल्या पोरांकडे आज मोबाइलमध्ये त्याहून जास्त साधनं आहेत. मात्र डान्सहॉलमध्ये बंदुकीची शेखी आणि बाईच्या शरीराची थट्टाही भरपूर आहे. बुजू बँटन आमचा आवडता, त्याचा १९९५ चा ‘टिल शायलो’ अल्बम आजही ऐकतो. पण समलिंगी माणसांच्या खुनाची भाषा करणारं त्याचं तरुणपणीचं गाणं मैत्री आणि करुणा मानणाऱ्याला ऐकवणार नाही. २०१९ मध्ये त्याने ते स्वतःच मागे घेतलं, हे बरं झालं. ठेका आवडला म्हणून शब्दांकडे कानाडोळा करायचा नाही, हा नियम आपल्या मिरवणुकीत वाजणाऱ्या गाण्यांनाही लावावा.

सिस्टर नॅन्सीचं नाव आम्ही मुद्दाम पोरींच्या गटात घेतो. पुरुषांनी भरलेल्या मैदानात माइक हातात घेणाऱ्या पहिल्या बायकांपैकी ती एक. १९८२ चं तिचं ‘बॅम बॅम’ जगभर वाजलं, सिनेमात आणि जाहिरातीत आलं, आणि तीसेक वर्षं तिला त्याचे पैसे मिळाले नाहीत. शेवटी कायद्याने भांडून हक्क मिळवावा लागला. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडुबाई खरात आज घरोघरी मोबाइलवर ऐकल्या जातात. गाणाऱ्या बाईचा आवाज रिमिक्स करून वाजवताना तिच्या घरी काय पोचतं, हा प्रश्न मंडळांनी डॉल्बीवाल्याला विचारला पाहिजे.

भारतातही हे धागे जुळू लागले आहेत. दिल्लीचा तरु दालमिया, म्हणजे डेल्ही सल्तनत, लोकवर्गणीतून साउंड सिस्टिम बांधून आंदोलनांत घेऊन गेला. त्याआधी त्याने पंजाबचे दलित शेतमजूर गायक बंतसिंग यांच्यासोबत काम केलं. गावातल्या वरचढ जातीच्या लोकांविरुद्ध न्यायालयात उभं राहिल्याबद्दल २००६ च्या हल्ल्यात बंतसिंगांचे दोन्ही हात आणि एक पाय गेला, गाणं राहिलं. मुंबईच्या स्वदेशी या गटाने आरेच्या जंगलासाठी तिथले आदिवासी रहिवासी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणं केलं. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कास्टलेस कलेक्टिव्हने जानेवारी २०१८ मध्ये गाना, रॅप आणि पराई एका मंचावर आणली. दालमियाचं काम चांगलं असलं तरी एक निरीक्षण: भारतातल्या रेगेचा मोठा श्रोता गोव्याच्या किनाऱ्यावर सुट्टीला आलेला असतो. आपल्या हलगीवाल्याला तिथे कोण बोलावणार?

शिरूर-दौंडमध्ये काय करता येईल, तर आमचं म्हणणं असं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी. मोजक्या दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते. वस्तीत तान्ही मुलं आणि हृदयविकाराचे म्हातारे आपलेच असतात, त्यामुळे हा नियम ‘ते पाळत नाहीत’ म्हणून आपण मोडायचं कारण नाही. भिंत अर्धी करा. वाचलेल्या पैशांत एक चांगला माइक, एक हलगी, एक संबळ आणि फेब्रुवारीपासून आठवड्यातून एक बैठक. बैठकीत एकच चाल ठरवा आणि चार-पाच जणांना तिच्यावर लिहायला लावा: कंत्राटी कामगाराच्या कापलेल्या पगारावर, अडकलेल्या शिष्यवृत्तीवर, स्मशानभूमीच्या जागेवर, उसाच्या फडावरून शाळा सुटलेल्या पोरीवर. लिहिलेलं आधी विहारात वाचून दाखवा, म्हाताऱ्यांना चुका काढू द्या. जुन्या जलशातली एक-दोन माणसं अजून प्रत्येक गावात सापडतात. मग मिरवणूक चौकात थांबली की दहा मिनिटं माइक त्यांच्या हातात द्या. १ जानेवारीला पेरणे फाट्यावर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि रांगा लागतात, तिथेही हेच करता येईल.

काही मंडळांशी आमचं बोलणं सुरू आहे. पोरांची अडचण डॉल्बी कमी करण्याची निघाली नाही. ‘माइकवर बोलायला लाज वाटते’ असं ती म्हणाली. दोन मुलींनी मात्र तयारी दाखवली आहे, आणि त्यातली एक लिहिते आहे ती तिच्या कंपनीतल्या बायकांच्या संडासाला लावलेल्या कुलपावर.