खिलाफत आणि पोलिसांचे दफ्तर

संपादक महाशय यांस,

गतांकात इंदापूरच्या पत्रलेखकांनी गुप्त पोलिसांच्या टिपणांचा हवाला देऊन तुर्कस्तानच्या खलिफाच्या पाठिंब्यासाठी उभी राहिलेली खिलाफत चळवळ ही केवळ मौलवींची उठाठेव होती असा जो निर्वाळा दिला आहे, तो चाँदशहावली पीराच्या गावाहून यावा याचे नवल वाटते. १९१९ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या खिलाफत कमिटीचे अध्यक्ष मियाँ महंमद छोटानी हे लाकडाचे बडे व्यापारी होते. आणि खिलाफतीशी सांगड घातलेल्या असहकार चळवळीत ३१ जुलै १९२१ रोजी परळला विलायती कापडाची जी होळी पेटली, ती गिरणीमालक उमर सोभानी यांच्या आवारात. असहकारामागे अशा पेढीवाल्यांची थैली उभी होती, हे ध्यानी घेतल्यावाचून चळवळीवरील सरकारच्या पाळतीचा अर्थ लागत नाही.

खबऱ्याने ऐकलेले, फौजदाराने लिहिलेले आणि हुजुरात पोचेपर्यंत साहेबाच्या धास्तीने रंगलेले वाक्य पुरावा म्हणून जरूर घ्यावे, पण उलटतपासणी करूनच. तुर्कांच्या साहाय्यार्थ जमविलेला पैसा छोटानींच्या धंद्यात अडकला आणि त्यापोटी त्यांना आपल्या लाकूडगिरण्या कमिटीच्या हवाली कराव्या लागल्या, हे मी झाकीत नाही. परंतु एका पेढीच्या हिशेबावरून साऱ्या चळवळीचा निकाल लावणे हा कुठला न्याय? बॅमफर्ड यांच्या या चळवळींवरील ज्या ग्रंथावर पत्रलेखकांची भिस्त आहे, तो गुप्तवार्ता खात्यातील अधिकाऱ्याने १९२५ साली सरकारी उपयोगासाठी सिद्ध केलेला आहे. त्याचा आधार घेताना एवढे तरी त्यांनी नमूद करावयास हवे होते.

आपला,
एक वाचक, बारामती