तमिळ पडद्यावरचे काऊबॉय

तमिळ काऊबॉयपटांचे बीज इटालियन आहे. सर्जिओ लिओनीने क्लिंट ईस्टवूडला घेऊन १९६४ ते १९६६ दरम्यान तीन चित्रपट काढले, आणि त्यांचे वारे दक्षिणेत आधी तेलुगूत शिरले. अभिनेते कृष्णा यांचा 'मोसगाळ्ळकु मोसगाडु' (१९७१) राजस्थानच्या वाळवंटात चित्रित झाला. लिओनीच्या पडद्यावरच्या खजिनाशोधाशी त्याच्या कथेचे नाते उघड आहे. तमिळमध्ये कर्णन यांनी जयशंकरना घेऊन 'गंगा' आणि 'जक्कम्मा' (दोन्ही १९७२) केले. कर्णन मूळचे छायालेखक, त्यामुळे त्यांची घोडदौड कथेपेक्षा सरस ठरते. देवर फिल्म्सच्या 'ताय मीदु सत्तियम'मध्ये (१९७८) रजनीकांत टोपी घालून सूडाला निघतात. मात्र सोबतीला इमानी जनावरे आणि ओठांवर आईची शपथ, म्हणजे लिओनीचा अबोल, स्वार्थी नायक उरतच नाही. लिओनीचा नायक पैशासाठी पिस्तूल काढतो, तमिळ नायक घराण्यासाठी. कथेचा जोर त्यामुळे वाढतो, पण लिओनीच्या लांबलेल्या स्तब्धतेतला ताण आणि एन्निओ मोरिकोनेच्या संगीताचा कोरडा उपहास हातचा जातो. तंजावूरसारख्या कावेरीकाठच्या भातखाचरांच्या मुलखात हे उजाड जग तसेही परकेच. चिंबुदेवन यांनी 'इरुम्बुक्कोट्टै मुरट्टु सिंगम'मध्ये (२०१०) हा परकेपणा लपवलाच नाही, अभिनेता लॉरेन्सला काऊबॉय करून सरळ विडंबन केले. या तमिळ चित्रपटांत अस्सलपणाचा आव न आणणारा तोच. घोड्यांसाठी मात्र 'गंगा'च पाहावा.