ब्रँड नव्हे, कोरडेपणा विचारा

दातातले पांढरे सिमेंट, म्हणजे रेझिनचे भरण, लवकर निघाले की आपण मालाला नावे ठेवतो. पण घोडे अनेकदा ओलाव्यात अडते. फॉस्फोरिक आम्लाने दाताचे वरचे कवच, एनॅमल, खरबरीत केले की रेझिन घट्ट धरते, हे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले आणि ती पकड आजही भरवशाची आहे. आतले डेंटिन मात्र मुळातच ओलसर, तिथली पकड काळाबरोबर सैल होते. त्यात रेझिन कडक होताना आकसते, म्हणून ते साधारण २ मिलिमीटरच्या थरांनी भरतात. मध्येच लाळ लागली तर बंध कच्चा राहतो. लाळ अडवणाऱ्या रबर डॅमने वेळ आणि खर्च वाढतो, हा आक्षेप खरा. पण भरण पुन्हा करताना दात आणखी कोरला जातो, तो तोटा भरून येत नाही. तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा : दात कोरडा कसा ठेवणार?