कोकणची गाडी कोकणासाठी कधी?

गणपती जवळ आले की वर्तमानपत्रांतून दोन बातम्या हमखास येतात. पहिली, आरक्षण सुरू होताच गाड्या भरल्याची. दुसरी, रेल्वेने जादा गाड्या सोडल्याची. चाकरमानी कसेबसे गावी पोहोचतात, आरत्या होतात, विसर्जन होते, जादा गाड्या यार्डात परततात आणि कोकण रेल्वेचा प्रश्न पुढच्या भाद्रपदापर्यंत विस्मरणात जातो. या वार्षिक गजरात एक साधा प्रश्न मागेच राहतो. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो. पण जो बारा महिने कोकणातच राहतो, त्याच्यासाठी कोणती गाडी आहे?

या रेल्वेचे स्वप्न कोकणी माणसाने फार काळ उराशी बाळगले. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसाने त्यासाठी आयुष्य वेचले. बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी ते दिल्लीत पोहोचवले. तरीही रूळ रोह्यापर्यंत यायला १९८६ साल उजाडले. पुढे १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांनी धुरा घेतली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आणि चौसष्ट मीटर उंचीचा पानवळचा पूल यांचे कौतुक आजही होते, ते योग्यच आहे. मात्र या मार्गासाठी ज्यांनी वाडवडिलांच्या कलमबागा आणि भातखाचरे दिली, त्यांच्या पदरात काय पडले, याचाही हिशेब कधीतरी मांडायला हवा.

तो मांडायचा तर छोट्या स्थानकाच्या फलाटावर उभे राहावे. मुंबईहून गोव्याला, केरळला, मंगळुरूला जाणाऱ्या गाड्या धडधडत निघून जातात. २०१७ मध्ये तेजस आली, २०२३ मध्ये वंदे भारत आली. छोट्या स्थानकाला आधार तो पॅसेंजरचाच. दिवा–सावंतवाडी गाडी सकाळी निघते ती मुक्कामी पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, कारण वाटेत दर थोड्या वेळाने कुठल्या ना कुठल्या एक्स्प्रेसला वाट देत ती बाजूच्या रुळावर ताटकळते. रत्नागिरीहून दादरला जाणारी पॅसेंजर हा तर गोरगरिबांचा हक्काचा प्रवास. २०२० च्या टाळेबंदीनंतर ती पुन्हा सुरू झाली, ती दिव्यापर्यंतच. पोटलीत तांदूळ आणि फणस घेऊन निघालेल्या म्हातारीला दिव्याच्या गर्दीत गाडी बदलायला लावणारे वेळापत्रक कोणासाठी आखले आहे?

रेल्वेची बाजूही ऐकली पाहिजे. हा मार्ग मुख्यतः एकेरी आहे. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या स्थानकातच एकमेकींना ओलांडू शकतात. एक जादा गाडी घातली की तिच्यासाठी समोरच्या प्रत्येक गाडीला कुठेतरी थांबावे लागते आणि एकीचा उशीर माळेसारखा सर्वांच्या गळ्यात पडतो. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने वेग कमी, म्हणून वेळापत्रकच वेगळे. दुपदरीकरण झाले आहे ते रोहा ते वीर या सुमारे सत्तेचाळीस किलोमीटरचे, तेही २०२१ मध्ये. पुढे डोंगर आणि बोगदे, खर्च प्रचंड. ही अडचण खोटी नाही.

पण अडचण आहे म्हणून उपाय नाही, असे होत नाही. गणपतीत याच एकेरी मार्गावर जादा गाड्यांच्या शेकड्यांनी फेऱ्या होतात. उशीर होतो, पण गाड्या धावतात. गेल्या काही वर्षांत मार्गावर नवी क्रॉसिंग स्थानके झाली. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाले. विजेवरची मेमू गाडी थांबून चटकन वेग घेते, दोन्ही टोकांना चालकाची जागा असल्याने इंजिन फिरवण्याची कटकट नाही. वारंवार थांबणाऱ्या गाडीसाठी याहून सोयीचे साधन नाही. सणासुदीला दिवा–चिपळूण मेमू धावली आहेच. मग जे दहा दिवस जमते, ते थोड्या प्रमाणात तीनशे पासष्ट दिवस का जमू नये?

मुंबईहून आणखी एक गाडी मागितली की दादरला, ठाण्याला फलाट नाही, हे उत्तर ठरलेले. तेव्हा मागणीच वेगळी करावी. चिपळूण–रत्नागिरी, रत्नागिरी–कणकवली, कणकवली–मडगाव अशा छोट्या पल्ल्याच्या रोजच्या गाड्या सकाळ-संध्याकाळ सोडाव्यात. त्यांना मुंबईचा फलाट लागत नाही. लोट्याच्या कारखान्यातला कामगार, ओरोसच्या कचेरीतला कारकून, रत्नागिरीच्या कॉलेजातली मुलगी आणि बांबोळीच्या इस्पितळात निघालेला सिंधुदुर्गातला रुग्ण, यांच्या वेळा पाहून त्या आखाव्यात. स्थानके बहुधा गावापासून दूर. राजापूर रोड आणि राजापूर यांतले अंतर सर्वांना ठाऊक आहे. म्हणून गाडीच्या वेळेला एस.टी. उभी असली पाहिजे. एवढे करून किमान वर्षभर प्रयोग चालू द्यावा. चार दिवसांत डबे रिकामे दिसले म्हणून गाडी बंद करणे हा प्रयोग नव्हे.

यात एखाद्या एक्स्प्रेसला दहा मिनिटे उशीर होईल. होऊ द्यावा. गोव्याच्या सहलीची दहा मिनिटे आणि गावातल्या मुलीचे शिक्षण यांत निवड करायची असेल, तर ती कठीण नाही.

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करण्यास २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. त्यातून दुपदरीकरणाला पैसा मिळेल, अशी आशा आहे. तो मिळेल तेव्हा मिळो. वेळापत्रक बदलायला डोंगर फोडावे लागत नाहीत. घरी राहून तालुक्याला नोकरी करता आली, तर गावातल्या तरुणाला चाळीतली खोली शोधावी लागणार नाही. रेल्वेने कोकणी माणसाला मुंबईला न्यायचे काम चोख केले. आता त्याला कोकणात राहता येईल, एवढी एक गाडी तिने रोज सोडावी.